‘सगळे माड सारखेच’ हे खरं नाही

नारळाबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नारळाची प्रजाती जगात एकच. फळ समुद्रातून वाहत जाऊन सगळीकडे रुजलं, म्हणून जगभरचे माड आतून एकसारखे. फरक दिसतो तो रंगाचा नि उंचीचा. तेव्हा जुने उंच माड पाडा, एकच उत्तम संकरित वाण सगळीकडे लावा; बियाणं काय, बीजपेढीत राहील.

यातलं पहिलं वाक्य तेवढं बरोबर आहे. पुढची चुकीची आहेत, आणि शेवटचा सल्ला कुणी मनावर घेतला तर जे जाईल ते परत आणता येणार नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कोकोस’ या वंशात नारळ ही एकुलती एक प्रजाती आहे, हे खरं. पण त्यातून निघतं ते उलटंच. गव्हाला, भाताला रानटी भाईबंद आहेत. पिकावर रोग आला तर पैदासकार त्यांच्याकडून प्रतिकाराचे गुण घेऊ शकतात. नारळाला असा सख्खा भाऊ कुणी नाही. जी काही विविधता आहे ती आज उभ्या असलेल्या माडांतच आहे.

आता समुद्राचं. नारळ तरंगतो, आणि सुमारे ११० दिवस खाऱ्या पाण्यात राहिल्यावरही तो रुजल्याची नोंद आहे. तरी समुद्राने त्याला सगळीकडे नेलं नाही. अटलांटिकच्या किनाऱ्यांवर पोर्तुगीज जहाजं फिरू लागेपर्यंत नारळ नव्हताच. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीनंतर, १४९९ च्या सुमारास, हिंदी महासागरातले नारळ पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर उतरले आणि मग पश्चिम आफ्रिका, ब्राझील, कॅरिबियन बेटं इथे गेले. २०११ मध्ये बी गन, ल्युक बोदुएँ आणि केनेथ ओल्सेन या संशोधकांनी जगभरातल्या १,३०० हून अधिक माडांचा डीएनए तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ठळक गट दिसले: एक पॅसिफिकचा, दुसरा हिंदी महासागर आणि अटलांटिकचा. माडाच्या एकूण जनुकीय विविधतेपैकी जवळपास एक तृतीयांश या दोन गटांमधल्या फरकात आहे. मादागास्कर आणि कोमोरो बेटांच्या भागात दोन्हींची सरमिसळ आढळते, आणि तो आग्नेय आशियातून निघालेल्या ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दींचा जुना मार्ग. पनामाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्या चिंचोळ्या भूमीच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा उंच माड फिलिपिन्सच्या माडांचा नातलग निघतो, आणि पलीकडच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा हिंदी महासागरातल्या माडांचा. मधे जमिनीची एक पट्टी, पण घराणी दोन.

रंग आणि उंचीबद्दलचं विधान तर थेट उलटं करून वाचायला हवं. उंच माडाच्या एका पोयीत, म्हणजे फुलोऱ्यात, नरफुलं आधी उमलतात. साधारण तीन आठवड्यांनी ती संपतात, आणि मग त्याच पोयीतली मादीफुलं पराग घ्यायला तयार होतात. त्यामुळे पराग बहुतेक दुसऱ्या माडावरून यावा लागतो. एका घडातल्या दोन नारळांची आई एक, बाप मात्र वेगळे असू शकतात. शिवाय माडाला फांद्या नाहीत, बुंध्याशी फुटवे नाहीत. वाढीचा कोंब शेंड्याला एकच. कलम बांधण्याची सोयच नाही, म्हणून लागवडीचं जवळजवळ प्रत्येक रोप बियांपासूनच येतं. शेजारी उभे असलेले, दिसायला हुबेहूब असे दोन उंच माड आतून बरेच वेगळे असतात ते यामुळे.

ठेंगण्या वाणांत नर आणि मादी फुलांचा काळ एकमेकांवर येतो, आणि बहुतेक वाण स्वतःच्याच परागावर फळतात. (फिजीचा नियू लेका हा वाण अपवाद, तो बुटका असूनही परपरागीभवन करतो.) एका ठेंगण्या वाणाची झाडं जवळजवळ एकसारखी असतात, हे मान्य. पण तो नियम उंच माडांना लावणं ही मजकुरातली मूळ चूक आहे, आणि जगातले बहुसंख्य माड उंचच आहेत.

एकच संकरित वाण लावण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. संकराचा जोम येतो तो आईबापांच्या वेगळेपणातून. पश्चिम आफ्रिकेत तयार झालेला ‘पीबी १२१’ हा गाजलेला संकर घ्या. आई मलायाची पिवळी ठेंगणी, म्हणजे पॅसिफिक गटातली; बाप पश्चिम आफ्रिकेचा उंच माड, ज्याचे पूर्वज जहाजातून हिंदी महासागरातून आलेले. उंच माड पाडून टाकले तर पुढचा संकर करायला बाप कुठून आणणार? संकरित झाडाचे नारळ लावले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, त्यामुळे मूळ आईबाप कायम राखावेच लागतात.

आणि एकाच वाणावर विसंबण्याचा प्रयोग होऊन गेला आहे. कॅरिबियनमधले उंच माड थोड्याशा आणलेल्या बियाण्यातून वाढलेले, त्यामुळे त्यांची विविधता तोकडी. फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारा प्राणघातक पिवळा रोग जमैकात आणि फ्लोरिडात पसरला, तेव्हा ते लाखोंनी मेले. उपाय म्हणून १९७० च्या दशकात ‘मेपॅन’ हा संकर आला: मलायाची ठेंगणी आई आणि पनामाचा उंच बाप. काही वर्षं तो टिकला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच रोगाने मेपॅनही मोठ्या संख्येने मेले. माडाचा नवा वाण पारखायला दशकं लागतात. तेवढ्या काळात रोग थांबून राहत नाही.

राहिली बीजपेढी. भाताचं बी वाळवून गोठवून ठेवता येतं. नारळ तसा ठेवता येत नाही. त्याला सुप्तावस्था नाही, वाळवला की आतला गर्भ मरतो, न वाळवला तर काही महिन्यांत कोंब येतो. गर्भ काढून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतो, पण ते प्रयोगशाळेतलं नाजूक काम आहे. म्हणून नारळाची आंतरराष्ट्रीय जनुकपेढी म्हणजे प्रत्यक्षात जमिनीवर उभे असलेले माड आहेत: भारत, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट) आणि ब्राझील अशा पाच ठिकाणी. ही झाडंही म्हातारी होतात, त्यांनाही रोग होतो. पापुआ न्यू गिनीतल्या संग्रहाला फायटोप्लाझ्मामुळेच होणाऱ्या बोगिया रोगाचा धोका आहे, आणि कोत दिव्हारमध्येही पिवळ्या रोगासारखा रोग पसरला आहे. मजकुरातल्या सल्ल्याप्रमाणे बाहेरचे उंच माड पाडले, तर कुठल्याच संग्रहात जे कधी गोळा झालं नाही त्याची दुसरी प्रत कुठेही उरणार नाही.