माझा ग्राउंड क्रू मीच

लढाऊ विमानाच्या वैमानिकाचा मला हेवा वाटतो. वेगाचं, गणवेशाचं सोडा. तो विमानापाशी पोचतो तेव्हा तिथे आधीच चार माणसं राबून गेलेली असतात, हेवा त्याचा. इंधन भरलेलं, क्षेपणास्त्रं टांगलेली, शिडी लावलेली. याने यायचं, विमानाभोवती एक फेरी मारायची, कागदावर सही ठोकायची आणि वर चढायचं. बसल्यावर पट्टे आवळून द्यायलासुद्धा कुणीतरी शिडीवर उभं असतं.

मी तेच विमान संगणकावर उडवतो. निदान उडवायच्या तयारीत तरी असतो. ‘डीसीएस वर्ल्ड’ नावाच्या सिम्युलेटरमध्ये हॉर्नेट हे लढाऊ विमान सुरू करायचं तर आधी बॅटरी, मग एपीयू म्हणजे मोठी इंजिनं सुरू करून देणारं छोटं इंजिन, मग इंजिन फिरवायचा स्विच, मग थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा पुढे, असं सगळं खऱ्यासारखं रांगेने करावं लागतं. दिशादर्शन यंत्रणा जुळायला काही मिनिटं लागतात, तीही खऱ्यासारखी. त्यात ग्राउंड क्रूसुद्धा आहे! रेडिओचा मेनू उघडून एफ-८ दाबलं की मंडळी हजर. इंधन भरतात, बॉम्ब बदलतात, मोडलेलं विमान नवंकोरं करून देतात. फक्त टेबलाखाली वाकून ‘साहेब, तुमची पेडलची वायर या भोकात होती’ एवढं सांगायला त्यांच्यातला एकही बाहेर येत नाही.

आणि ते भोक महत्त्वाचं असतं. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, काल एका यूएसबी पोर्टात होती आणि आज शेजारच्या पोर्टात गेली, की संगणकाच्या लेखी ती कधीकधी नवीनच स्टिक होते. जुन्या स्टिकला नेमून दिलेली सगळी बटणं जुन्या नावावर राहतात आणि नवी स्टिक हातात कोरी येते. घरात झाडलोट करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगता येत नाही. मी प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली. मग प्रत्येक पोर्टाला चिकटवली. टेबलामागची बाजू आता सरकारी रेकॉर्ड रूमसारखी दिसते.

बटणांची भानगड मुळात निघाली ती एका चांगल्या विचारातून. विमान जोरात वळतं तेव्हा नऊ जीपर्यंत भार येतो, म्हणजे हात नऊपट जड होतो. अशा वेळी डॅशबोर्डवरचं बटण शोधायला हात उचलणार कोण? म्हणून लढाईत लागणारं सगळं काही थ्रॉटल आणि स्टिकवरच बसवायचं ठरलं. याला म्हणतात होटास, ‘हँड्स ऑन थ्रॉटल अँड स्टिक’. हाताची सोय झाली, डोक्याची कुणी विचारली नाही. ए-१०सी या लढाऊ विमानाची स्टिक घ्या. तिच्यावर चार हॅट, म्हणजे अंगठ्याने चार दिशांना ढकलायच्या टोप्या. त्यातली एक आत दाबलीही जाते. शिवाय ढकलून लगेच सोडली तर एक काम, जरा धरून ठेवली तर दुसरं. शिवाय या क्षणी कोणत्या पडद्याचा ताबा तुमच्याकडे आहे त्यावर त्याच टोपीचा अर्थ बदलतो. एका अंगठ्यावर एवढी जबाबदारी टाकलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

तरी हे पाठांतराचं झालं. पाठांतर जमतं. जमत नाही ते सिम्युलेटरचा आगाऊपणा आवरणं. नवं उपकरण जोडलं की तो न विचारता त्याला कामं वाटून मोकळा होतो. पेडल जोडले, की त्यांच्यातल्या एका अक्षाला नाक वर-खाली करायचं काम, दुसऱ्याला विमान कलतं करायचं. हीच कामं स्टिककडेही असतातच. थ्रॉटल जोडला, की त्यावरच्या कुठल्याशा चाकतीलाही काहीतरी बहाल होतं. मग तुम्ही स्टिक अगदी मधोमध धरून बसलेले आहात आणि विमान मात्र डावीकडे झुकत झुकत चाललंय, कारण पेडलवर उजवा पाय जरा आरामात टेकलाय. यावर उपाय एकच. त्या विमानाच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षांच्या लांबलचक तक्त्यातली प्रत्येक नको ती नेमणूक रद्द करायची. दुसरं विमान घेतलं की पुन्हा पहिल्यापासून, कारण प्रत्येक विमानाचा तक्ता वेगळा.

ब्रेकचा किस्सा तर अभ्यासक्रमात घालावा असा आहे. इंजिनं गर्जतायत, थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर पेटलाय, आणि विमान काही केल्या धावपट्टीवरून हलत नाही. इंजिन तपासा, पार्किंग ब्रेक तपासा, चाकाखालच्या अडणी काढल्यात का विचारा. सगळं ठीक. गोम अशी की पायाच्या ब्रेकचा अक्ष बऱ्याचदा उलटा वाचला जातो. म्हणजे पाय उचललेला असेल तर ब्रेक पूर्ण लागलेला, आणि पाय गच्च दाबला की सुटलेला. सेटिंगमध्ये ‘इन्व्हर्ट’ नावाची एक चौकट आहे, तिच्यात टिकली टाकली की संपलं. पण ती चौकट कळेपर्यंत मी दोन्ही पाय दाबून धरत उड्डाणं करत होतो आणि पोटऱ्यांना येणारे गोळे हा लढाऊ जीवनाचा भाग आहे अशी समजूत करून घेतली होती.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्याने रचली त्याच्याकडे पोटेन्शियोमीटरवाली जॉयस्टिक नसणार. या जातीच्या सेन्सरमध्ये धातूचा काटा पट्टीवर घासत फिरतो, पट्टी झिजते, आणि स्टिक शांत असतानाही आकडे थुईथुई नाचू लागतात. अंगण खरोखरच वाकडं होतं! हॉल इफेक्ट सेन्सर चुंबकावर चालतात, घासत नाहीत, म्हणून अनुभवी मंडळी त्यांचं नाव आदराने घेतात. तोवर आमच्यासारख्यांना डेडझोन. म्हणजे मधला थोडा भाग सिम्युलेटरने ऐकल्या न ऐकल्यासारखा करायचा. डेडझोन जास्त ठेवला तर हवेत इंधन घेताना विमान आधी ढिम्म आणि मग एकदम टँकरच्या अंगावर. कमी ठेवला तर अंगात आल्यासारखं.

त्यात आणखी कर्व्ह. हात थोडा हलला तर विमानाने किती हलावं याची ही वक्ररेषा. यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो रेषा सरळच हवी, खऱ्या विमानात कुठे असते असली लाड करणारी वक्रता? दुसरा म्हणतो, खऱ्या विमानातली स्टिक तुझ्या टेबलावरच्या वीतभर दांड्याएवढी असते का? दोन्ही पंथांचे लोक मी हवेत पडताना पाहिले आहेत.

खऱ्यांचंही सुरुवातीला जमलेलं नव्हतं, हे वाचून मात्र मला फार धीर आला. २० जानेवारी १९७४ रोजी एडवर्ड्‌स तळावर वायएफ-१६ या, एफ-१६ लढाऊ विमानाच्या नमुन्याची नुसती जमिनीवर वेगात धावायची चाचणी होती. उडायचं ठरलेलंच नव्हतं. त्याची स्टिक मुळी हलतच नसे, हाताचा दाब ओळखून काम करी, आणि आडवं कलण्याची संवेदनशीलता जरा जास्तच ठेवलेली होती. विमान धावता धावता डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागलं, शेपटीचा पंख जमिनीला घासला. वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी विचार केला की आता खाली राहण्यापेक्षा वर जाणं बरं, आणि उडाले. साधारण सहा मिनिटांनी सुखरूप उतरवलंही. पुढे सेटिंग कमी केलं गेलं, आणि एफ-१६च्या स्टिकला किंचित हलायचीही मुभा मिळाली, कारण अजिबात न हलणारा दांडा वैमानिकांना रुचेना. म्हणजे कर्व्हचा घोळ तिथेही होता. फरक इतकाच की तो निस्तरायला अभियंत्यांची फौज होती. इथे मी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि चाकाची खुर्ची.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकवायचा तर मुलांना रडर पेडल द्यावेत. पेडलवर पाय दाबला की पेडल पुढे जात नाही, खुर्ची मागे जाते. पेडल भिंतीला टेकवले, तर खुर्ची अधिकच जोमाने मागे जाते. चाकं काढून टाकली, तर त्या खुर्चीवर दिवसा काम करणारी बायको विचारते, “अहो, चाकं कुठे गेली?” चाकं परत लावली. आता पट्ट्याने खुर्ची आणि पेडल एकमेकांना बांधलेत. ते दोघंही एकत्र सरकतात.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसाने थांबावं. पण मग व्हीआरचा हेडसेट येतो.

डोक्यावर पडदा बांधून आभासी जगात जायची कल्पना तशी जुनी. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी केलेलं यंत्र इतकं जड होतं की ते छताला टांगून ठेवावं लागे. आता ते छतावरून उतरून माझ्या मानेवर आलंय. घातल्यावर पहिल्यांदा कॉकपिट दिसतं तेव्हा मात्र मानलंच पाहिजे, माणूस अवाक होतो. काचेपलीकडे पंख खरोखर लांबवर गेलेला, खाली खरोखर खोल. मान वळवून मागे बघता येतं. मी अवाक होऊन मागे वळलो आणि वायर गळ्याभोवती आली.

पहिलं काम डोळ्यांतलं अंतर जुळवणं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. ते चुकलं तर कॉकपिट खेळण्याएवढं दिसतं किंवा डोकं धरतं. एफ-३५ या लढाऊ विमानाच्या वैमानिकाचं हेल्मेट त्याचं डोकं स्कॅन करून, बाहुल्या मोजून बसवतात, त्यासाठी वेगळे तंत्रज्ञ असतात. मी आरशासमोर मोजपट्टी नाकावर धरून उभा होतो. दुसरं काम रीसेंटरचं. बटण दाबताना तुम्ही जसे बसला असाल तेच सिम्युलेटर प्रमाण मानतो. जरा वाकून दाबलं, की नंतर ताठ बसल्यावर डोकं छताच्या काचेतून बाहेर, चारशे नॉटच्या वाऱ्यात, आणि केस मात्र जागच्या जागी.

मग फ्रेम्स. नव्वद हर्ट्‌झचा हेडसेट असेल तर प्रत्येक चित्र ११.१ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं, आणि तेही दोन डोळ्यांसाठी दोन. नाही जमलं, तर यंत्रणा निम्म्यावर येते, पंचेचाळीस खरी चित्रं काढते आणि मधली आपल्या अंदाजाने भरते. अंदाज चुकला की समोरून आडवं जाणारं विमान दुहेरी दिसतं. मग त्यातलं कुठलं खरं हे ठरवेपर्यंत त्यातलं एक आपल्यावर गोळ्या झाडतं. म्हणून फ्रेम्स वाचवण्यासाठी आपण एकेक ऐषआराम विकत सुटतो. आधी सावल्या गेल्या. मग ढगांचा दर्जा. मग कॉकपिटमधले आरसे, कारण प्रत्येक आरशासाठी मागचा देखावा पुन्हा रंगवावा लागतो. शत्रू स्पष्ट दिसावा म्हणून, ज्यात शत्रू दिसायचा तो आरसाच बंद!

मळमळीबद्दल फार लिहीत नाही. डोळे सांगतात आपण उलटे झालोय, कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत आहोत, आणि निर्णय पोट देतं.

खरा घोळ हा की हेडसेट घातल्यावर कीबोर्ड नाहीसा होतो. स्टिकवरची बटणं संपल्यामुळे बरीच कामं कीबोर्डवर राहिलेली असतात. नाकापाशी थोडी फट असते, तिच्यातून डोळे खाली वळवून पाहिलं की आपला गुडघा दिसतो. एफच्या बटणावर बोटाला लागणारा उंचवटा असतो म्हणून फ्लॅप्स आंधळेपणानेही सापडतात. शेजारचं जी म्हणजे चाकं. एक बोट सरकलं की लढाईच्या मधोमध चाकं खाली.

माझी मुलगी कधीकधी हे बघायला उभी असते. तोंडाला डबा बांधून, जिभेचं टोक बाहेर काढून हवा चाचपडणारा बाप रोज थोडाच बघायला मिळतो! परवा एक मिग माझ्या मागे लागलं. फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे, सोडायची हॅट कुठली ते आठवेना, उजवा पंख पेटला, विमान गिरक्या घेऊ लागलं.

“ई कुठंय गं?” मी ओरडलो.

“कसलं ई?”

“कीबोर्डवरचं! कंट्रोल धरून ई, तीनदा!”

“बाबा, तुझा हात माऊसवर आहे.”

“मग तूच दाब ना!”

तिने दाबलं, तीनदा, सावकाश, शाळेत हजेरी लावावी तसं. काच उडाली, सीट उडाली, पॅराशूट उघडलं. कॉकपिटच गेल्यामुळे संगणकाला रंगवायला फारसं काही उरलं नव्हतं. कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं तर पहिल्यांदाच पूर्ण नव्वद.

जमिनीवर टेकेपर्यंत मी लगबगीने सेटिंगमध्ये शिरलो आणि सावल्या थोड्या वाढवून घेतल्या.