विनोदी लेखांचं जाड पुस्तक घरात आणू नका

पेपरात दर रविवारी गमतीचं लिहिणाऱ्या माणसाचे सगळे लेख गोळा करून काढलेलं जाड पुस्तक तुम्हाला कोणी देऊन राहिला असेल तर भाऊ, हात मागे घ्या. सुटं सदर वाचायला काही हरकत नाही. ठेल्यावर तर्री-पोह्याच्या खाली जो कागद येतो त्यावर अर्धा लेख असतो, उरलेला तर्रीत गेलेला असतो, तेवढ्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण तेच वीस-पंचवीस वर्षांचं लिखाण एका पुठ्ठ्यात बांधून आलं की चांगला कामाचा माणूस कामातून जातो.

तरी हौसच असेल तर गावच्या वाचनालयात जा. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आपल्याकडे, त्याखालच्या नियमांत वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेत, आपलं कोणत्या वर्गात ते सांगायची गरज नाही. पोलीस भरतीची गाईडं वरच्या फळीवर, पोथ्या मधात, आणि विनोद एकदम खाली, जिथं गुडघे टेकून पाहावं लागते. कपाटाची चाबी ज्याच्याकडे आहे तो वावरात गेलेला असतो. अनुदानाच्या तपासणीचा दिवस धरून जा, त्या दिवशी कपाट उघडं असते आणि पुस्तकं पुसलेली मिळतात.

आता वाचायला बसलात की पहिला धोका असा, की आठवड्याला एक लेख वाचत होतो तोवर लेखक लय हुशार वाटायचा, पण सलग तीस लेख वाचले की त्याची सगळी चाल ध्यानात येते. बायको दर लेखात त्याच्यापेक्षा हुशार, आणि शेवटचं वाक्य तिचंच. शेजारी एकच, कंजूष, पंधरा वर्षांत बिचाऱ्याची ना बदली ना प्रमोशन. दिवाळी आली की फराळाचा लेख आणि जून आला की छत्रीचा, आता आपल्याकडे विदर्भात जूनमध्ये छत्री कोण काढते, आपण धूळपेरणी करून आभाळाकडे पाहत बसलेलो असतो, पण लेखक शहरातला, त्याची छत्री सात तारखेला उघडणारच. मधातच एखादा लेख असा निघतो की या आठवड्यात काही सुचलंच नाही, आणि न सुचण्यावरच पानभर. पेपरात तेव्हा आपण वा वा केली होती. पुस्तकात तोच लेख दर दोन वर्षांनी भेटतो. हे सगळं कळल्यावर खरं तर राग यायला पाहिजे, तर उलट त्या माणसाची माया लागते. शेजारी दोन-तीन लेखांत आला नाही की काळजी वाटते, मेला की काय. घरी बुढ्यानं बीपीची गोळी घेतली की नाही याची एवढी फिकर आपण कधी केली नसते, आणि घरचे नेमकं हेच बोलून दाखवतात.

जाणकार म्हणतात पेपरातला विनोद टिकत नाही, मंत्री बदलला की त्याच्यावरचा विनोद गेला. पुण्या-मुंबईकडे असेल तसं. आपल्याकडे असे लेख ताजे ठेवायची फार चांगली व्यवस्था आहे. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, १९७२ ला आली आणि चुकाऱ्यावर, म्हणजे कापसाच्या पैशावर, लिहिणाऱ्याची सोय झाली, कापूस गेला, गाडी रिकामी परत आली, बैल म्हातारा झाला, चुकारा रस्त्यात आहे. ती खरेदी संपली. २००२ ला बोंडअळीला तोंड देणारं बीटी कापसाचं बियाणं आलं, आता अळीवरचे लेख बाद होतात असं वाटलं, तर २०१७ ला गुलाबी अळीनं स्वतः येऊन नवीन आवृत्ती काढून दिली. कर्जमाफी २००८ ची, २०१७ ची, २०१९ ची, आणि तिन्ही वेळेस सेवा केंद्रावर आधार कार्डाची झेरॉक्स धरून यादीत नाव शोधणारा माणूस तोच. (२००८ ला आधार नव्हतं, तेव्हा तो रेशन कार्ड धरून उभा होता.) आमच्या वाचनालयातल्या एका प्रतीत लोडशेडिंगवरच्या लेखाशेजारी कोणीतरी निळ्या पेनानं "यंदाही" लिहून ठेवलंय, त्याच्याखाली दुसऱ्यानं पेन्सिलीनं "यंदाही", तिसऱ्यानं नुसती दोन टिंबं, वरीलप्रमाणे, आणि चौथा शिकलेला असावा, त्यानं कृषी पंपाला रात्री लाईट किती ते किती येते त्याचं टाईमटेबलच आखून ठेवलं. लोक आता लेख वाचत नाहीत, समास पाहायला पुस्तक नेतात.

हा रोग बाहेरून आला असंही समजू नका बाप्पा. मराठीत विनोदी लेख लिहायची वाट ज्यांनी पाडली ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ ला नागपुरात जन्मले आणि वकिली केली आपल्या जळगाव जामोदात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पहिला विनोदी लेख १९०२ चा, नाव 'साक्षीदार'. वकिलाला दुसरं काय दिसणार! आजही एखाद्या तहसीलच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभे राहा, तयार साक्षीदार मिळतो, चहा-नाश्ता वेगळा. ते सगळे लेख पुढे 'सुदाम्याचे पोहे' म्हणून पुस्तकात आले, म्हणजे पोहे तेव्हाच होते, तर्री तेवढी आपण नंतर टाकली. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी 'बाळकराम' नावानं लिहायचे आणि १९१९ च्या जानेवारीत तेहतीस वर्षांचे असताना आपल्या सावनेरलाच वारले. त्यांची ती ठकी, जिचं लग्न जुळवता जुळवता घरादाराच्या नाकी नऊ येतात, ते लेख वाचून लोक लोळायचे. आता मात्र ते लेख गावातल्या लग्नाच्या पोराच्या हाती लागू देऊ नका. चार एकर कोरडवाहू, वय बत्तीस, आणि बायोडाटा पाहून पोरीकडचे फोनच उचलून नाही राहिले, असा पोरगा पूर्ण लेख वाचूनही हसत नाही, तो विचारते, "भाऊ, ठकीचं गाव कोणतं हाय?"

कुठं वाचायचं तेही सांगतो. नवतप्याच्या उन्हाळ्यात कूलरसमोर नको, पानं ओली होऊन चिकटतात आणि दोन लेखांचा एक होतो, कधी कधी चांगलाही होतो. एसटीत नको, एकटाच हसणारा माणूस दिसला की कंडक्टर दुसऱ्यांदा तिकीट पाहतो. पण खरी गोम अशी की वाचलेला विनोद त्याच दिवशी वर येईल असं नाही, तो तीन दिवसांनी नेमका तेरवीच्या पंगतीत येतो, तुम्ही भरल्या तोंडानं फिस्सकन हसता, समोर गेलेल्याचा साळा बसलेला, आणि मग त्या हसण्याचा अर्थ सातबाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

आणि वाचून झालं की महिनाभर तरी ग्रामसभेत तोंड उघडू नका. जीभ तिरकी झालेली असते. तुम्ही उभे राहून म्हणता, "सरपंच साहेब, नाली इतकी सुंदर बांधली की पाणीसुद्धा पुढं जायला तयार नाही, तिथंच पाहत उभं आहे." मागचे चार पोट्टे हसतात, तुम्हाला वाटते जिंकलो. तिकडे ग्रामसेवक, ज्याचं आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, नाव लांब झालं आणि कार्यालयाचं कुलूप तेच, तो मान खाली घालून प्रोसिडिंगमध्ये लिहीत असतो: नालीच्या कामाबद्दल ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले, ठेकेदाराच्या अभिनंदनाचा ठराव सर्वानुमते मंजूर, सूचक म्हणून तुमचं नाव. बिल त्याच ठरावावर निघते. सहीसाठी रजिस्टर घरी पाठवतात, सोबत पेनही देतात.