बालकेंद्री शाळेत मूल घालणाऱ्या पालकांस

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात आपण राहत असाल आणि आपले अपत्य तीन वर्षांचे झाले असेल, तर ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी लावलेली शाळा निवडण्यास मुळीच कचरू नये. मात्र प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या पाटीचा बंदोबस्त करणे ही सर्वस्वी आपली जबाबदारी आहे.

मूल घरी आले की प्रथम दप्तर उघडावे. वही कोरी असेल आणि मूल ‘आज पाणी ओतलं’ एवढेच सांगत असेल, तर तत्काळ बाईंना गाठावे. बाई बहुधा सांगतील की, उंच पेल्यातले पाणी पसरट वाडग्यात ओतले तरी तेवढेच राहते हे या वयात सांगून पटत नाही, ते पुन्हापुन्हा ओतून पाहावे लागते. आणि माती मळून बोटांत जी ताकद येते तिच्याच जोरावर पुढे पेन्सिल धरता येते. हे सारे शांतपणे ऐकावे आणि विचारावे, “ते ठीक आहे हो, पण एबीसीडी कधी?”

मुलाने स्वतः खेळ निवडण्यास आपला विरोध नसावा. निवडायचा खेळ तेवढा आपण ठरवून द्यावा. ते ठोकळ्यांची गाडी करण्यात गढले असेल, तर शेजारी बसून चाके किती, लाल रंगाला इंग्रजीत काय म्हणतात, अशी सरबत्ती करावी, आणि गाडी टाकून ते पळाले की त्याच्यात एकाग्रता नाही अशी तक्रार करावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयासाठी खेळ व कृतींवर भर दिला आहे, ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर अवश्य टाकावी. इंग्रजी अक्षरांचे उच्चार घोटून घेणारा फोनिक्सचा क्लास त्याच संध्याकाळी लावावा.

एखादा आगाऊ गृहस्थ बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा विषय काढील. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम आरंभले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, आणि साधने म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले वापरले. हे सगळे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच घडले. आपण विचलित होऊ नये. जे रानात पैशांवाचून सापडते त्याला शैक्षणिक साधन कसे म्हणावे? त्याच बिया पारदर्शक डबीत, परदेशी नावाने, हप्त्यांवर मिळू लागल्या की मगच विचार करावा.

रविवारी मुलाला तलावपाळीला जरूर न्यावे. तेथे कठड्याशी ते उकिडवे बसून मुंग्यांची रांग पाहू लागले, तर त्या मुंग्यांवरच वन टू टेन करून घ्यावे. दहाच्या पुढच्या मुंग्या पुढच्या रविवारी.