हट्टी, हेकट की नुसतेच ‘जिद्दी’?

आज दादाबरोबर भाचीच्या शाळेत पालकसभेला गेले होते आणि तेव्हापासून डोके तापलेले आहे. बाई म्हणाल्या, “तुमची मुलगी फार जिद्दी आहे.” दादाची छाती फुगली. ही तक्रार आहे, हे त्याला जरा उशिरानेच उमगले.

हट्टी या अर्थाने ‘जिद्दी’ म्हणतात ते हिंदीत, आपल्याकडे जिद्द हा गुण आहे. तक्रारच करायची तर मराठीत शब्दांना काय तोटा आहे? हट्टी मुलाला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की तो शांत होतो. हेकटाला हवे-नको असे काही नसते, तुम्ही पूर्व म्हणालात म्हणून त्याला पश्चिमेला जायचे असते. अडेलतट्टू जागचा हलत नाही, आडमुठ्याला समोरच्याची अडचण दिसत नाही आणि तिरसट माणूस साधी विचारपूस केली तरी अंगावर येतो. या सगळ्यांना एकाच ‘जिद्दी’त कोंबले की उपायही एकच उरतो, दटावणे!

भाचीचा गुन्हा काय, तर चित्रात संत्रे हिरवे रंगवले आणि सांगूनही नारिंगी केले नाही. काटोलला मामाच्या बागेत आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलणारी, संत्री तिने दिवाळीत झाडावर हिरवी पाहिली आहेत, तोडून खाल्लीही आहेत. संत्र्यांच्या नावावर मिरवणाऱ्या शहरात हे सांगावे लागते!

१९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होते आणि हिंदी माझ्याही बोलण्यात मुरलेली आहे, हे मान्य. पण याच शहरात १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात, सिव्हिल लाइन्सकडे झेंडा न्यायला बंदी असताना, तुकड्यांमागून तुकड्या निघत राहिल्या आणि तुरुंगात जात राहिल्या. तो आग्रह होता, हेका नव्हता, आणि हा फरक आपल्या भाषेला नीट कळतो.

बाई वाईट नाहीत. एवढी पोरे सांभाळायची म्हणजे खेळ नव्हे. पण ‘हिरवे का गं?’ एवढे विचारायला काय हरकत होती? खोड तपकिरी कर म्हटल्यावर तिने मुकाट्याने केले होते. मग ती हेकट कशी?

परतताना दादा तिला म्हणाला, “पुढच्या वेळी नारिंगी रंगव, कशाला उगाच वाद?” तेव्हा मात्र मी त्याच्यावरच उखडले. आता तो माझ्याशी बोलत नाही आणि वहिनीच्या मते घरात तिरसट कोणी असेल तर ती मीच.