‘पॅनेल असताना पाण्याचा सोलर कशाला?’ खान्देशात घर बांधणाऱ्यांसाठी खरा हिशेब

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे घर बांधणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: ‘नव्या घरावर पाणी तापवायचा सोलर बसवू नका. तो क्षारानं पाच वर्षांत बाद होतो, त्याला सबसिडीही नाही. सगळे पैसे पॅनेलमध्ये घाला. आपल्याकडे 45 अंशांचं ऊन, पॅनेल दुप्पट वीज देतात, गिझर फुकट चालतो.’ हा वाचून लोक स्लॅबच्या आधीच निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘45 अंशांत दुप्पट वीज.’ साफ चूक. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नको असते. त्याचे वॉट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात दुपारी पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते, म्हणजे 14 टक्के गेली. वर धुळीचा थर. बोअरच्या जड पाण्यानं धुतलं की काचेवर पांढरे डाग बसतात, ते वेगळंच. वर्षाची सरासरी धरा एका किलोवॅटला दिवसाला 4 युनिट. मार्चमध्ये मिळणारी वीज मेपेक्षा कमी नसते.

‘गिझर फुकट.’ पाच माणसांना आंघोळीला 150 लिटर कोमट पाणी लागतं. थंडीत टाकीतलं 20 अंशांचं पाणी 42 वर न्यायला 3,300 किलोकॅलरी लागतात. 860 किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, म्हणून 3.8 युनिट. गिझर आणि पाइपातून वाया जाणारी उष्णता धरून साडेचार. म्हणजे एक किलोवॅट पॅनेलची दिवसभराची सगळी वीज आंघोळीतच संपली.

सकाळी सहाला पॅनेल काहीच देत नाही, पण नेट मीटरमुळे (पॅनेलनं दिवसा लाइनला दिलेली वीज मोजणारा मीटर) बिलात ती वजावट मिळते. तेवढं खरं. मात्र पॅनेलची वीज घराला देणारा, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतः बंद होतो, भर उन्हातसुद्धा. भारनियमनाच्या गावात सकाळी गिझरवर विसंबू नका.

‘सबसिडी फक्त पॅनेलला.’ खरं आहे, पण खरी गोम इथेच आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये मिळतात. एकूण 78,000, त्यापुढे एक रुपयाही नाही. तीन किलोवॅट महिन्याला सुमारे 360 युनिट देतात. एसी, कूलर, फ्रिज असलेल्या घरात उन्हाळ्यात तेवढी वीज सहज लागते. मग गिझरसाठी लागणारा चौथा किलोवॅट पूर्ण स्वतःच्या खिशातून, आणि गच्चीवर आणखी शंभर चौरस फूट सावलीविना जागा. 150 लिटरचा ट्यूबवाला सोलर, म्हणजे काचेच्या नळ्यांत पाणी तापवणारा, त्याच्या निम्म्याहून कमी जागेत बसतो. अशा घरात तोच घ्यावा.

उलट घर लहान, वापर तीन किलोवॅटच्या आत, गरम पाणी फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी लागत असेल, तर त्या चार महिन्यांचे 540 युनिट होतात आणि एक किलोवॅट वर्षाला 1,400 च्या आसपास देतं. उरलेली वीज पंख्यांना येते. तिथे मेसेज बरोबर आहे; पॅनेलच घ्या.

‘क्षारानं बाद होतो.’ आपलं बोअरचं पाणी जड आहे, हे मान्य. पण पाच वर्षांत बाद होतो तो देखभालीअभावी. क्षार सर्वांत वेगानं साठतो तो पाणी 60 अंशांच्या वर गेल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा गरम पाणी कुणी वापरतच नाही. पाणी उकळत राहतं आणि ट्यूबच्या तळाशी चुनखडी बसते. म्हणून मार्चमध्येच निम्म्याहून जास्त ट्यूबवर गोणपाट किंवा हिरवी नेट टाका. वर्षातून एकदा ट्यूब काढून धुवा, रबरी रिंगा बदला, टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड बघा. तो झिजून संपला की गंज टाकीला लागतो. आणि तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये थंड पाणी कधीही सोडू नका, काच तडकते. भरायचं ते सूर्योदयापूर्वी. पाणी फारच जड असेल तर ज्यात घरचं पाणी थेट नळ्यांतून फिरतं असं तांब्याच्या नळ्यांचं सपाट कलेक्टर घेऊ नका, त्या बारीक नळ्या आधी तुंबतात.

आज ठरलं नसलं तरी स्लॅबच्या वेळी या गोष्टी करून ठेवा. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, नाहीतर पाणी चढत नाही. सोलरच्या टाकीचा हवेचा पाइप थंड टाकीच्या पातळीच्याही वर न्या, त्यावर व्हॉल्व्ह नको. गरम लाइन सीपीव्हीसीची, वरून इन्सुलेशन. साधा पीव्हीसी मऊ पडतो. पॅनेलचा उतार दक्षिणेकडे 20 अंशांच्या आसपास, सोलरचा 35, कारण तो थंडीसाठी आहे. पॅनेलचे खांब गच्चीवर नुसत्या ठोकळ्यांवर उभे करू नका. रावेर-यावलमध्ये केळीच्या बागा झोपवणारं वादळ उंच स्ट्रक्चरही उचलतं. बोल्ट कॉलमच्या सळ्यांना बांधून घ्या, म्हणजे खाली पापड-कुरडया वाळवायला गच्चीही मोकळी राहते.