कागावाची तळी आणि कुकाईचं श्रेय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानच्या शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातल्या तळ्यांवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सूर जरा तिखट आहे, पण एक चूक तुम्ही बरोबर पदरात घातलीत. 'कागावा प्रिफेक्चर (म्हणजे जपानमधला प्रांत) १८७१ पासून अखंड आहे' असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकीचं. १८७१ मध्ये संस्थानं मोडली तेव्हा कागावा जन्मलं खरं, पण १८७३ मध्ये ते शेजारच्या म्योदो प्रिफेक्चरमध्ये विलीन झालं, १८७५ मध्ये सुटलं, पुढच्याच वर्षी दुसऱ्या शेजाऱ्याच्या, एहिमेच्या पदरी पडलं आणि १८८८ मध्ये कायमचं वेगळं झालं. आजच्या ४७ प्रिफेक्चरांत स्वतंत्र होण्यात हे सगळ्यात शेवटचं. लेखात दुरुस्ती केली आहे.

'शिकोकूत धो धो पाऊस पडतो, मग टंचाई कसली?' हा तुमचा प्रश्न मात्र पटला नाही. बेट एकच असलं तरी मध्ये डोंगर उभे आहेत. दक्षिणेकडचं कोची वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर भिजतं, उत्तरेच्या ताकामात्सूत, म्हणजे कागावात, साडेअकराशेच्या आसपास पडतो. सरळ पर्जन्यछायेचा प्रदेश. त्यात नद्या आखूड, पाणी पडलं की लगेच समुद्रात. म्हणूनच जपानमधल्या या सर्वांत लहान प्रिफेक्चरमध्ये सुमारे बारा हजार तळी आहेत.

आता मुख्य मुद्दा. कागावातल्या मान्नो तलावाचं सगळं श्रेय मी कुकाई या बौद्ध भिक्षूला देऊन टाकलं, असं तुम्ही म्हणता. मान्य. तलाव त्याच्या आधीचा, आठव्या शतकाच्या सुरुवातीचा. ८१८ मध्ये बांध फुटला, दुरुस्ती रेंगाळली, आणि ८२१ मध्ये याच भागात जन्मलेल्या कुकाईला बोलावल्यावर काम हातावेगळं झालं. भिक्षू आला म्हटल्यावर माणसं आपणहून कामाला जुंपली, ही आख्यायिका गोड आहे म्हणून मी तिथेच थांबलो. खरं तर गोष्ट पुढे जास्त रंगते. ११८४ मध्ये बांध पुन्हा फुटला, आणि या वेळी कुणीच आलं नाही. साडेचारशे वर्षं तलाव कोरडा! तळाशी शेतं झाली, घरं झाली, गावाला नाव पडलं 'इकेनोउची', म्हणजे तळ्यातलं गाव. शेवटी निशिजिमा हाचिबेई नावाच्या बाहेरून आलेल्या जाणकाराने १६३१ मध्ये बांध पुन्हा उभा केला. तळ्यातलं गाव मग पाण्याखाली गेलं. हाचिबेईचं नाव माझ्या लेखात एकदाही नव्हतं, याची खरंच लाज वाटली. १८५४ मध्ये बांध पुन्हा फुटला, तो १८७० मध्ये सावरला.

कागावातल्या कोंपिरा या देवाबद्दल 'कोंपिरा म्हणजे कुंभीर, हे आपलं नेहमीचं "सगळं भारतातून गेलं"' असा टोमणाही आहे. नाव संस्कृत कुंभीरावरूनच आलं, गंगेतली मगर, ती बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे पोहोचली. पण ७८५ पायऱ्या चढून खलाशी ज्याला साकडं घालत, तो देव पूर्ण जपानी. दोन्ही वाक्यं एका दमात लिहायला हवी होती.

आणि तळी आता शोभेची? नाही. १९७४ पासून कालव्याने योशिनो नदीचं पाणी येतं हे खरं, पण मान्नोचे दरवाजे जूनच्या मध्यात भाताच्या लावणीसाठी आजही उघडतात.

उदोनवर, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांवर, न लिहिल्याची तक्रार मान्य. कमी पावसात गहू बरा येतो, म्हणून सानुकीत (कागावाचं जुनं नाव) उदोन रुजलं. आणि तेच उदोन उकळायला पाणी लागतं भरमसाट!