लसणाच्या वासानं भेकर पळत नाही

दसरा सरला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो : परड्याच्या, म्हणजे घरामागच्या परसबागेच्या, कडेनं लसणाची एक ओळ लावा, भेकरं-सांबरं जवळ फिरकणार नाहीत. आमच्या राधानगरीच्या बाजूला हा मेसेज लोक फार आशेनं वाचतात, म्हणूनच त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. परड्यात लसूण जरूर लावा. जंगलाकडेच्या प्रत्येक घरानं लावावा असं मी म्हणेन. पण राखणीची आशा त्याच्यावर ठेवू नका, खायला लावा.

लसणाचा जो उग्र वास आपल्याला माहीत आहे, तो अख्ख्या कुडीत नसतोच. कुडीच्या पेशीत एका कप्प्यात ॲलिइन नावाचा बिनवासाचा पदार्थ असतो आणि दुसऱ्या कप्प्यात ॲलिनेज नावाचं एन्झाइम. कुडी ठेचली, चिरली, चावली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन नावाचा उग्र वासाचा पदार्थ तयार व्हायला लागतो. हे ॲलिसिन १९४४ साली अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली या दोघांनी वेगळं काढून दाखवलं. म्हणजे लसणाचं हे हत्यार त्याला दात लागल्यावरच बाहेर निघतं. उभ्या वाफ्याला थोडा वास असतो, पण पलीकडच्या कोवळ्या घेवड्याचा वास झाकण्याइतका तो कधीच नसतो. भेकर येतं, लसणाच्या पातीला एकदा तोंड लावून सोडून देतं आणि ओळ ओलांडून घेवड्यावर जातं.

आमच्या शेजारच्या आजी हे सगळं एका वाक्यात सांगतात. "लसणाला कोण तोंड लावतंय वैनी? पर वाल लावला की सकाळी नुसती देठं."

लसूण, मिरची, अंडं घालून केलेल्या फवाऱ्याचंही तेच. वास ताजा असतो तोवर जनावर बिचकतं. मग दव पडतं, एखादी सर येते, पात नव्यानं फुटते आणि नव्या पातीवर फवारा नसतोच. दर आठवड्याला न चुकता मारायची तयारी असेल तर मारा. त्यातही खरा परिणाम अंड्याच्या कुजक्या वासाचा जास्त असतो, लसणाचा कमी.

आता ही जनावरं येतात कुठून आणि का, तेही बोलायला हवं. दाजीपूरचं रान कोल्हापूर संस्थानच्या काळात शाहू महाराजांचं राखीव शिकारीचं जंगल होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. मला त्याचा अभिमान आहे. पण कागदावर जंगल आहे म्हणून आत चारा आहे असं होत नाही. माळावर, वाटांच्या कडेला, जळालेल्या डागांवर रानमोडी नावाचं तण माजलं आहे. तिला गवा तोंड लावत नाही, सांबर लावत नाही, आणि तिच्याखाली गवत उगवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला वणवे लागतात, उरलंसुरलं गवतही जातं. काही पठारांवर बॉक्साइटच्या खाणींनी माती उकरून काढली. आणि जंगल संपतं तिथून लगेच ऊस सुरू होतो. ऊस म्हणजे गव्याला लपायला जागा, खायला चारा आणि प्यायला पाटाचं पाणी, सगळं एकाच ठिकाणी. डिसेंबर २०२१ मध्ये गवे पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा शहरातल्या लोकांना धक्का बसला. आम्हाला नाही बसला.

भेकर तसं लाजाळू. बहुतेकदा एकटं येतं, झुंजूमुंजू किंवा तिन्हीसांजेला, आणि कोवळे शेंडे, कळ्या, पडलेली फळं खाऊन जातं. त्यानं केलेलं नुकसान वाल, पावटा, मेथी, भोपळ्याचे कोंब एवढ्यावर थांबतं. सांबर रात्री येतं आणि मोठं असल्यानं तुडवूनच जास्त घालवतं. रानडुक्कर लसूण खात नाही, पण शेणखत घातलेल्या वाफ्यात हुमणी (मातीतल्या अळ्या) शोधताना सगळा वाफा उलटापालटा करून टाकतं आणि लसूण मुळासकट उघड्यावर पडतो. "आमचा लसूण डुकरांनी खाल्ला" असं सांगणाऱ्यांनी जागेवर जाऊन नीट बघावं, कुड्या तिथंच विखुरलेल्या सापडतील. गोळा करून त्याच दिवशी परत टोचल्या तर बऱ्याच जगतात.

या सगळ्याचा खरा फटका कशाला बसला असेल तर परड्याला. शेताची चर्चा होते, मोर्चे निघतात, परड्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी परडं सोडून दिलं. काय लावायचं, रात्री येऊन खाऊनच जातंय, असं म्हणत ज्या जागेत बारा महिने भाजी असायची तिथं आता सरपण रचलेलं दिसतं. भाजी तालुक्याच्या बाजारातून येते. २०२४ साली लसूण किलोला चारशे रुपयांच्या घरात गेला तेव्हा ज्या घरात खर्ड्याशिवाय भाकरी मोडत नाही, त्या घरांत चार-चार कुड्या मोजून वापरल्या गेल्या. परड्याची जागा घरामागं पडून असताना. मला याचं फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

म्हणून लसूण. जंगलाकडेला परडं परत उभं करायचं असेल तर सुरुवात जनावराला न आवडणाऱ्या पिकापासून करा. लसूण, कांदा, हळद, आलं, गवती चहा. यांना भेकर-सांबर सहसा हात लावत नाहीत. सहसा म्हणते, कारण भर उन्हाळ्यात बाहेर काहीच हिरवं नसेल तर उपाशी जनावर कशालाही तोंड लावतं. पण लसूण उन्हाळा टिपेला जायच्या आत निघतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

लावणीचं सांगते. पाऊस पूर्ण थांबू दे, जमीन वाफशावर येऊ दे, म्हणजे चिखल नको आणि कोरडीही नको. आमच्याकडं ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ योग्य. आमची जांभ्याची तांबडी माती पाण्याचा निचरा छान करते पण पोटात कस नाही, त्यामुळं पूर्ण कुजलेलं शेणखत हात आखडता न घेता घालावं. कच्चं शेण अजिबात नको, त्यानं हुमणी येते आणि हुमणीमागं डुक्कर. सपाट वाफा करावा. गड्डा फोडून बाहेरच्या मोठ्या कुड्या निवडाव्यात, साल काढू नये, टोक वर करून दोन-तीन सेंटिमीटर खोल टोचाव्यात. दोन ओळींत १५ आणि दोन कुड्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवलं की दहा फूट बाय पाच फुटांच्या वाफ्यात तीनशेच्या आसपास कुड्या बसतात. नीट आला तर चार-पाच किलो लसूण मिळतो. एका घराच्या रोजच्या फोडणीला बरेच महिने पुरतो.

बेण्याबाबत आग्रहानं सांगते. दुकानातला पांढराशुभ्र, जाड कुड्यांचा लसूण बघून भुलू नका. तो डोंगराळ, थंड मुलुखातल्या जातीचा असू शकतो, आणि त्या जातींना गड्डा धरायला लांब दिवस आणि कडक थंडी लागते. आपल्याकडं थंडीतला दिवस अकरा-साडेअकरा तासांचा. इथं त्या जाती नुसती पात वाढवतात, खाली गड्डा धरतच नाहीत. चिनी लसणाच्या आयातीवर तर २०१४ पासून बंदी आहे, रोगाच्या भीतीनं, तरी तो बाजारात चोरून येतो. तो खायलाही नको आणि लावायला तर नकोच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले नीलिमा या जाती आहेत, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा पर्पल आहे. गावात कुणाकडं जुनं गावठी बेणं असेल तर ते सगळ्यात आधी मागून घ्या. ते या हवेला रुळलेलं असतं आणि त्याचा झणका वेगळाच.

पहिले दोन महिने भांगलण चुकवू नका, लसणाची पात बारीक, तणाखाली दबते. पात सारखी कापू नका. पातीसाठी एक कोपरा वेगळा लावा, कारण पात कापली की गड्डा बारीक राहतो. १२० ते १३० दिवसांनी पात पिवळी पडते, माना लवतात. त्याच्या आधी पंधरा दिवस पाणी बंद. काढल्यावर पातीसकट सावलीत वाळवून जुड्या बांधून आढ्याला टांगायच्या. फेब्रुवारीच्या अखेरीला किंवा मार्चमध्ये लसूण घरात येतो आणि पुढं लगेच वर्षाची चटणी करायचे दिवस. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची गडहिंग्लजच्या बाजारातून, लसूण परड्यातला, आणि डंकावर एकत्र कुटलेली चटणी. त्या चटणीचा रंग आणि वास विकतच्या पाकिटाला येणं शक्य नाही. (रोजच्या फोडणीसाठीसुद्धा लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, मग तेलात घाला. ॲलिसिन आधी तयार होऊ दे, गरम तेलात एन्झाइम लगेच निकामी होतं.)

परड्याची मांडणीही बदला. ज्याला जनावर तोंड लावत नाही ते जंगलाच्या बाजूला, लांबच्या टोकाला. ज्यावर त्याचा जीव आहे ते, म्हणजे वाल, पावटा, मेथी, भोपळा, स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथं माणसाची ये-जा आणि उजेड आहे. दाराशी मांडव घालून वेल उंच चढवले तर भेकराचं तोंड पोचत नाही. एवढ्यानं निम्मं काम होतं.

उरलेलं काम कुंपणाच्या तारेला बांधलेल्या जुन्या साड्या करतात. पाच-सहा फुटांच्या उघड्या तारेला सांबर जुमानत नाही, पण पलीकडं काय आहे ते दिसलं नाही की ते उडी मारायला कचरतं. साड्या जमिनीपर्यंत आणून खाली दगड ठेवा, नाहीतर भेकर खालून शिरतं. गव्यापुढं यातलं काहीच चालत नाही, तो आला तर घरातच थांबायचं. कुत्रं रात्री मोकळं सोडू नका. त्याच्या पाठलागानं भेकर मरतं आणि राखण तर होतच नाही.

आणि तारेत घरची वीज सोडणाऱ्यांविषयी. दरवर्षी बातम्या येतात, पाणी पाजायला गेलेला शेतकरी, गवताला गेलेली बाई, रात्री बैल शोधायला गेलेलं पोर. डुकरासाठी लावलेल्या तारेत माणसं मेली. हा गुन्हा आहे, आणि गावात कोण लावतं हे सगळ्यांना माहीत असतं. नात्यातला आहे म्हणून गप्प बसू नका, तार दिसली की त्याच दिवशी तोडायला लावा. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्यानं जीव जात नाही. निवडक गावांना त्यासाठी वन विभागाकडून अनुदानही मिळतं, ग्रामपंचायतीत विचारा.

सरकारकडं माझी एकच मागणी आहे. पीक नुकसानीच्या अर्जाला सातबारा जोडावा लागतो. शेतातल्या पिकासाठी तीन दिवसांच्या आत कळवलं तर पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण परडं गावठाणात असतं, त्याला सातबारा नाही. त्यामुळं बाईनं वर्षभर जपलेली भाजी कुठल्याच नोंदीत येत नाही. ग्रामपंचायतीच्या घर उताऱ्यावर परसबागेची नोंद आणि लहान भरपाई सुरू करा. रकमेपेक्षा नोंद महत्त्वाची, कारण नोंद झाली तरच जंगलाच्या आत चाऱ्याचं काय झालंय हे वरपर्यंत पोचेल. आणि रानमोडी काढून गवत परत आणण्याचं काम गावातल्या लोकांना मजुरीवर द्या. ज्यांचं परडं खाल्लं जातं त्यांच्याइतकं मनापासून ते दुसरं कुणी करणार नाही.

आमच्याकडं गावठी लसणाचं बेणं आहे. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा भागातल्या ज्या कुणाला हवं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. पैसे नकोत, पुढच्या वर्षी तेवढंच बेणं आणखी एका घराला द्या. नेण्याआधी वाफा मात्र शेणखत भरून तयार ठेवा.